दुखणे अंगावर काढणे हा सद्गुण आहे काय?

आमच्या मंडळ्यांत एखादी वृद्ध भगिनी प्रभूमध्ये निजली, म्हणजे तिच्या प्रेतसंस्कारप्रसंगी जे चार शब्द बोलले जातात त्यांत एक वाक्य बहुधा असतेच. बाईंनी सगळी दुखणी अंगावर काढली, पण कधी कोणाजवळ कुरकुर केली नाही. हे वाक्य स्तुतीचे म्हणून बोलले जाते व स्तुतीचे म्हणूनच ऐकले जाते. ती स्तुती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. जिने पहाटे उठून पाणी भरले, गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, मुलांस शाळेत धाडले व रविवारी उपासनेची घंटा होण्यापूर्वी मंदिर झाडून ठेविले, तिच्या सोशिकपणापुढे कोणाचीही मान लवेल. तथापि ह्या स्तुतीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे व तो विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही. जे दुखणे बाईंनी अंगावर काढले, त्याचे नाव त्यांस ठाऊक होते काय? ते बरे होण्याजोगे आहे, असे त्यांस कोणी सांगितले होते काय? सांगितले असते तर त्यांनी ते अंगावर काढले असते काय? आणि नसते काढले, तर ज्यास आपण त्यांचा सद्गुण म्हणतो त्यातील किती वाटा त्यांचा, व किती वाटा आपल्या सर्वांच्या मौनाचा?

हा प्रश्न कोणत्याही दुखण्याविषयी विचारता येईल. परंतु आज तो आम्ही स्त्रियांच्या एका विशिष्ट वयाविषयी विचारीत आहो. चाळिशी ओलांडल्यापासून पन्नाशी-पंचावन्नपर्यंतचा जो काळ, ज्यात स्त्रीची पाळी अनियमित होऊन अखेर कायमची थांबते, व ज्यास वैद्य लोक रजोनिवृत्ती म्हणतात, तो हा काळ होय. आपल्या भाषेची गंमत पाहा. ह्याच वयात डोळे मंदावतात, म्हणून चष्म्यासच आपण 'चाळिशी' म्हणू लागलो. आणि आपणांस चाळिशी लागली, असे पुरुष काय व स्त्रिया काय, चारचौघांत हसून सांगतात. त्याच वयात स्त्रीच्या देहात त्याहून कितीतरी मोठा पालट होतो. त्याचा उच्चार मात्र शेजारणीच्या कानाशी लागूनच व्हावयाचा. 'पाळी गेली' एवढे दोन शब्द पुटपुटले, की विषय संपला.

डोंबिवली हे वाचनाची आवड असलेले शहर म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथे ग्रंथालये आहेत, व्याख्याने होतात, गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या आहेत. त्याच शहरातून शिळफाट्याच्या बाजूस निघाले की निळजे, घेसर, हेदुटणे, उंबार्ली अशी गावे लागतात. व कल्याणच्या पलीकडे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत कुणब्यांची गावे, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. इकडची बाई भाजीची पाटी घेऊन शहरात येते, किंवा चार घरची धुणीभांडी करते आणि दिवस मावळण्यापूर्वी परत जाते. ज्या शहरात ज्ञान आहे त्या शहरात ती रोज येते; ज्ञान मात्र तिच्याबरोबर परत जात नाही. ज्या घरची भांडी ती घासते त्या घरच्या बाईंचे व तिचे वय पुष्कळदा एकच असते, आणि दोघींच्या अंगातून त्याच वाफा निघत असतात. एक डॉक्टरीणबाईंस विचारून येते. दुसरी भगताकडचा अंगारा लावते, किंवा, ती आपल्या मंडळीतील असेल तर, तेवढेही न करता गप्प राहते व त्यास विश्वास असे नाव देते.

हा पालट म्हणजे काय, ते येथे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. कारण ज्या लेखात मौनाविरुद्ध तक्रार करावयाची त्यातच मौन पाळणे शोभणार नाही. स्त्रीच्या गर्भाशयाच्या दोहो बाजूंस दोन बीजकोश असतात. तेथे दर महिन्यास बीज पक्व होते, आणि तेथेच इस्ट्रोजेन नावाचा एक रस तयार होऊन रक्तात मिसळतो. चाळिशीनंतर बीजकोशांचे हे काम मंदावते. पाळी कधी दोन महिने चुकते, कधी पंधरा दिवसांत येते, कधी थोडी जाते तर कधी फार. ज्या दिवशी शेवटची पाळी येऊन पुरे बारा महिने लोटतात त्या दिवशी रजोनिवृत्ती झाली असे समजतात. जगातील बहुतेक स्त्रियांस ही अवस्था ४५ ते ५५ ह्या वयात येते; आपल्या देशात ती सरासरीने ४६-४७ च्या सुमारास, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा चारपाच वर्षे आधीच येते. चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबली तर ती नेहमीची गोष्ट नव्हे. तेव्हा डॉक्टरास दाखवावे.

ह्या काळात एकाएकी अंगातून वाफा निघतात, तोंड लाल होते, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप मोडते, छाती धडधडते. सांधे दुखतात. मन उगाच उदास होते, किंवा लहानशा गोष्टीने भडकते. आणि घरातील माणसे म्हणतात, हिला बाहेरची बाधा झाली. योनिमार्ग कोरडा पडून पतीचा सहवास दुःखदायक होतो. ही गोष्ट तर बाई पतीसही सांगत नाही, आणि पती मनात भलताच तर्क बांधून बसतो. खोकताना वा शिंकताना लघवी होते. काही स्त्रियांस ह्यांतले काहीच होत नाही. काहींस ते वर्षानुवर्षे छळते. शिवाय एक नुकसान असे होते की त्याची जाणीवच होत नाही. तो रस कमी झाल्याने हाडे आतून विरळ होत जातात, आणि पुढे साठीच्या घरात आजी ओट्यावरून घसरून पडल्या तर खुबा मोडतो. आपण म्हणतो, पडल्या म्हणून मोडले. पुष्कळदा मोडण्याची तयारी वीस वर्षे आधीपासून चालू असते.

ह्यावर इलाज नाहीत असे नाही. डोंगरभागातील नाचणी, जी आता गरिबांचे अन्न म्हणून मागे पडत चालली आहे, तिच्यात हाडांस लागणारे कॅल्शियम भरपूर असते. तीळ, दही व सुकी मासळी ह्यांतही असते. सकाळचे ऊन व चालणे हाडांस बळ देते, आणि तंबाखूची मिश्री सोडण्याने पुष्कळ अपाय टळतात. वाफा व निद्रानाश ह्यांनी जिचे जिणे कठीण झाले असेल तिला डॉक्टर तपासून औषधे देऊ शकतात. इस्ट्रोजेनही देऊ शकतात. मात्र स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गाठी होणाऱ्या स्त्रीस ते सहसा देत नाहीत, म्हणून हे औषध शेजारणीच्या चिठ्ठीवर घ्यावयाचे नव्हे. कोरडेपणावर लावण्याचे साधे मलम मिळते. आणि जोपर्यंत पाळीशिवाय पूर्ण वर्ष गेले नाही तोपर्यंत दिवस राहू शकतात, हेही सांगून ठेविले पाहिजे. पाळी चुकली ती गेलीच असे समजून फसलेल्या स्त्रिया थोड्या नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही मुद्दाम निराळी लिहितो. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते एक थेंब का असेना, तर ती परत आलेली पाळी नव्हे. ते तपासून घेतलेच पाहिजे, कारण त्याचे मूळ कधीकधी कर्करोगात असते. संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी पाणी जाणे, स्तनात गाठ लागणे, पाळीत इतके रक्त जाणे की चक्कर यावी, ही दुखणी 'वयाचे आहे' म्हणून सोडून द्यावयाची नव्हेत. येथे अंगावर काढणे म्हणजे जीव गमावणे होय.

आता कोणी सज्जन म्हणतील की हे सारे खरे असेल, परंतु धार्मिक पत्रात त्याचा उच्चार कशास? लज्जा हा स्त्रियांचा अलंकार आहे. आमचे त्यांस नम्रपणे सांगणे आहे की ही लाज आपणांस पवित्र शास्त्राने शिकविलेली नाही. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, जेथे देवाचे दूत अब्राहामाच्या तंबूपाशी येतात, तेथे सारेची स्त्रियांची रीत बंद झाली होती असे स्वच्छ लिहिले आहे. जे वाक्य आपण मंदिरात पुरुष, स्त्रिया व मुले ह्यांच्या समोर मोठ्याने वाचतो, त्यातील गोष्ट घरी उच्चारू नये हा कोणता न्याय? मर्यादा निराळी आणि लाज निराळी. कोठे, कोणाजवळ व कोणत्या शब्दांत बोलावे हे मर्यादा सांगते. बोलूच नये हे सांगते ती लाज. आणि ही लाज बहुतकरून जुन्या विटाळाच्या कल्पनेतून आलेली आहे, जी आपण बाप्तिस्म्याच्या वेळी टाकली असे समजतो. पाळीच्या दिवसांत बाहेर बसणे आपण सोडले. तो शब्द मात्र अजून बाहेरच बसला आहे.

दुसरे कोणी म्हणतील, दुःख हा आदामाच्या पतनापासून स्त्रीचा वाटा आहे, तो तिने धीराने सोसावा. हा आक्षेप जुना आहे. एडिंबरो येथील डॉक्टर जेम्स सिम्प्सन ह्यांनी १८४७ मध्ये प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला, तेव्हा धर्माच्या नावाने येणाऱ्या अशाच आक्षेपांस त्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका छापून उत्तर दिले. त्यातील एक मुद्दा असा की देवाने आदामाची फासळी काढण्यापूर्वी त्यास गाढ निद्रा आणली होती. युक्तिवाद थोडा वकिली थाटाचा आहे खरा, पण त्याने काम भागले. आमच्या मते ह्याहून बळकट उत्तर पौलाच्या पत्रांत आहे. तीमथ्याची प्रकृती वारंवार बिघडत असे. त्यास पौलाने सोसत राहा असे लिहिले नाही, तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असे लिहिले. (द्राक्षारसाचा वाद येथे कोणी काढू नये; त्या काळी ते औषध होते.) म्हणजे प्रेषिताच्या पत्रात उपदेशाबरोबर आरोग्याची माहितीही मावली.

आणि धीराचे काय? याकोबाच्या पत्रात ईयोबाचा धीर वाखाणला आहे. परंतु तो ईयोब गप्प होता काय? सात दिवस गप्प होता. त्यानंतर जो बोलू लागला तो अध्यायांमागून अध्याय बोलला, आपले फोड, आपली झोप मोडणे, आपल्या हाडांची आग, सर्व काही बोलला. प्रभूनेही गेथशेमानेत प्याला पिण्यापूर्वी तो टळावा अशी विनंती केली, तीही तीनदा. ह्यावरून आम्हांस असे दिसते की शास्त्राच्या अर्थाने जो धीर, त्याच्या आधी विचारणे येते. टळण्याजोगे आहे काय हे विचारून, टळत नाही असे कळल्यावर जो पत्करतो, तो धीर धरतो. ज्या स्त्रीस विचारण्याची मुभाच नव्हती, तिच्याकडून पत्करणे घडलेच नाही. तिच्यावर ते नुसते येऊन पडले. तिला आपण धीराची म्हणून गौरवितो तेव्हा तिचा सन्मान होतो की आपली सोय होते, ह्याचा प्रत्येकाने विचार करावा.

ज्ञान गप्प राहिले म्हणजे जागा मोकळी राहते असे नाही. तेथे दुसरेच कोणी बोलू लागते. त्याचा पुरावा बीड जिल्ह्याने दिला आहे, आणि तो फार कडू आहे. ऊसतोडीस जाणारी नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतात, आणि एक दिवस काम चुकले की खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात पाणी नाही, आडोसा नाही, विसावा नाही. अशा बाईच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले, म्हणजे ती एखाद्या खाजगी दवाखान्यात जाई; आणि पुष्कळींस तेथे सांगण्यात येई की पिशवी काढून टाका, नाही तर कर्करोग होईल. मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय? २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भपिशवी काढण्यात आली. त्यानंतर नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ज्या पालटास निसर्ग दहा वर्षे घेतो तो एका रात्रीत होतो, आणि तिशी-पस्तिशीतील बाईची हाडे म्हातारीप्रमाणे झिजू लागतात. बीजकोश ठेविले तरी पाळी पुष्कळदा वेळेआधी जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला आहे.

क्वचित प्रसंगी ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, हे आम्ही नाकारीत नाही. लोभी डॉक्टरांस व निष्ठुर मुकादमांस दोष देणेही योग्यच आहे. परंतु त्या बाईस पिशवी म्हणजे काय, बीजकोश म्हणजे काय, पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे व ते साध्या गोळ्यांनी पुष्कळदा बरे होते, इतके जर तिच्या गावातील एखाद्या बाईने चूल पेटविता पेटविता सांगितले असते, तर त्या भयास गिऱ्हाईक मिळाले असते काय? कायदा दवाखान्याच्या दारावर पहारा ठेवील. दारापर्यंत येणाऱ्या बाईच्या मनातील भीतीवर तो पहारा ठेवू शकत नाही.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील बाई हीच आहे. बारा वर्षे तिला रक्तस्राव होत होता. अनेक वैद्यांच्या हातून तिने हाल सोसले, होते नव्हते ते खर्चिले, आणि गुण न येता दुखणे वाढले. हा वृत्तांत आजही जसाच्या तसा लागू पडतो; फक्त होते नव्हते ते ह्याऐवजी उचल व मंगळसूत्र असे म्हणावे. उपदेश करताना आपण तिच्या विश्वासावर बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण प्रभूने काय केले ते पाहा. ती मागून येऊन, वस्त्रास शिवून, बरी होऊन, गुपचूप निघून जाणार होती. प्रभूने तिला तसे जाऊ दिले नाही. तो थांबला. याईराची मुलगी मरणोन्मुख होती, शिष्य उतावीळ झाले होते, गर्दी लोटत होती, तरी तो थांबला; आणि तिने सर्वांसमोर सर्व हकीकत सांगेपर्यंत पुढे गेला नाही. मग त्याने तिला मुली असे म्हटले. तिचा देह आधीच बरा झाला होता. तिचे बोलणे ऐकणे हे त्यास इतके अगत्याचे का वाटले असावे? आम्हांस असे वाटते की बारा वर्षांत तिची हकीकत कोणीच शेवटपर्यंत ऐकली नव्हती.

तर मग आज तिची हकीकत कोणी ऐकावी व तिला कोणी सांगावे? ह्या बाबतीत डोंबिवली-कल्याणच्या भूमीस एक मान आहे, त्याची आठवण करून देणे उचित होईल. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणातच झाला. चौदाव्या वर्षी त्यांस मूल झाले व ते दहा दिवसांत गेले. त्यांचे पती गोपाळराव ह्यांचे कोल्हापूरहून लिहिलेले एक पत्र वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांनी अमेरिकेत आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू' ह्या पत्रात छापले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते १८८० मध्ये वाचले, आणि त्यातून जो पत्रव्यवहार व स्नेह जुळला त्याच्या आधारे आनंदीबाई समुद्रापार गेल्या. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या मिशन कॉलेजात त्यांनी भाषण केले आणि हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे ते सांगितले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या पुण्यास वारल्या. वयाची बावीस वर्षेही झाली नव्हती. त्या हिंदू म्हणून गेल्या व हिंदू म्हणूनच परत आल्या, आणि हे सांगण्यात आम्हांस संकोच नाही. एका मिशन पत्रातील मजकूर कोणाच्या हाती पडेल व काय काम करील, हे छापणाऱ्यास कळत नाही एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाईंनी पुण्यास हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. आपले दुखणे पुरुषास सांगता न आल्याने स्त्रिया मरतात, हेच त्यांचेही म्हणणे होते.

स्त्री-डॉक्टर आल्या, पुष्कळ आल्या. तरीही गावची बाई गप्पच राहिली. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉक्टर राणी बंग व अभय बंग ह्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली व १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत १०० पैकी ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया १०० पैकी ८ होत्या. ह्या तपासणीत लग्न न झालेल्या मुली होत्या तशा पाळी गेलेल्या वृद्धाही होत्या. ज्या दुखण्यांस जगाने तोवर मोजलेच नव्हते, ती ह्या सर्वजणी अंगावर काढीत होत्या.

दवाखाना व चूल ह्यांच्यामध्ये जो माणूस लागतो, तो कसा तयार करावा हे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्याच दोघा ख्रिस्ती भावंडांनी दाखविले आहे. डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे काम आरंभिले. त्यांनी गावोगावच्या साध्या स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून शिकविले. पुष्कळजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. त्या शिकून गावी जात व शिकलेले दुसऱ्या बायांस सांगत. १९७९ मध्ये ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तसेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये केलेल्या प्रयोगात, दहावीपर्यंत शिकलेल्या व चार आठवडे तयार केलेल्या बायांनी गर्भाशयाच्या मुखास सौम्य व्हिनेगर लावून तपासणी केली, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जाहीर झाले. म्हणजे ज्ञान देण्यास पदवीच लागते असे नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात वडील स्त्रियांनी तरुण स्त्रियांस शिकवावे असे पौल सांगतो. आपण ते वाक्य घरकाम व आज्ञाधारकपणा ह्यांवरच खर्च करितो. ज्या आजींनी हा पालट स्वतः भोगला आहे, त्यांच्यापाशी तरुण सुनेस देण्याजोगे आणखीही काही आहे.

पूर्वी आमच्या मंडळ्यांत बायबल-बाई असत. त्या घरोघर जात, शास्त्र वाचीत, आणि वाचता वाचता मुलाचा ताप, बाळंतिणीचा खोकला, सासूचा जाच हे सर्व ऐकून घेत. त्यांची जागा जेथे रिकामी पडली असेल, तेथे पाळकांनी ती भरण्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. उपदेशकांची अडचण आम्ही जाणतो. पुरुषाने हा विषय बायांच्या सभेत काढणे शोभत नाही, आणि त्यांनी तो काढावा असे आमचे म्हणणेही नाही. त्यांनी दोन कामे करावी. एक, आपल्या पत्नीस व मंडळीतील दोघी समंजस वडील बायांस ह्या कामी मोकळीक द्यावी, म्हणजे कोणी नावे ठेवू लागल्यास स्वतः पुढे व्हावे. दुसरे, पुरुषांच्या सभेत पतींस इतके सांगावे की ह्या वयात बायको चिडते, रात्री उठून बसते किंवा जवळ येण्यास कचरते, ती रागाने वा पापाने नव्हे. एवढे ऐकल्याने कित्येक घरांतील मारहाण थांबेल, असे आम्हांस खात्रीने वाटते.

बायांच्या सभेत प्रार्थनेनंतर अर्धा तास ह्यास द्यावा. गावची आशाताई बोलवावी; तिला तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरून घेण्याचे काम सरकारने दिलेलेच आहे, आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख ह्यांच्या तपासणीस कोठे जावे हे ती सांगू शकेल. ती आपल्या समाजाची नसेल. म्हणून तिला चहा देण्यात आखडू नये. डोंबिवलीच्या बाजूच्या मंडळ्यांस पश्चिमेकडील शास्त्रीनगर रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय सोयीचे पडेल; स्त्रीरोगाची तपासणी कोणत्या वारी असते ते कोणी आधी जाऊन विचारून ठेवावे, म्हणजे बाईचा दिवस फुकट मोडणार नाही. एकटीस पाठवू नये, दोघीतिघींनी मिळून जावे. आत जाऊन काय विचारावयाचे ते घरूनच ठरवून न्यावे, आणि डॉक्टर पिशवी काढण्यास सांगतील तर का, दुसरा उपाय आहे काय, बीजकोश ठेवणार की काढणार, हे तीन प्रश्न विचारून मगच अंगठा द्यावा. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

आता त्या दिवशी घरची भाकरी कोणी भाजावी, हा प्रश्न निघेलच. प्रभूने पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी स्वतः विस्तव करून शिष्यांसाठी मासळी व भाकर तयार ठेविली होती. तो उतारा योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि उपदेशकांनी तो आदल्या रविवारी वाचावा.